रात्रीचा ठणका आणि टाटाची चिठ्ठी

आपल्या वस्तीत एखाद्या घरी टाटा रुग्णालयाचे नाव निघाले की माणसे आपोआप आवाज खाली आणतात. टाटा म्हणजे कॅन्सर आणि कॅन्सर म्हणजे सगळे संपले, असा हिशेब आपल्या मनात पक्का बसला आहे. या हिशेबापायी तुर्भे येथील एका कुटुंबाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलाची टाटाची चिठ्ठी एकवीस दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवून दिली. मुलाला कॅन्सर नव्हता. जे होते ते बरे होणारे होते, आणि त्या एकवीस दिवसांत मुलगा रोज रात्री रडत होता. आईवडिलांच्या संमतीने ही हकिकत आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. नावे अर्थातच देत नाही.

मुलाचे वडील बाजार समितीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी कामगार आहेत. भाजीच्या गाड्या मध्यरात्रीपासून लागतात, त्यामुळे या माणसाची झोप आधीच मोजकी. आई वाशीला तीन घरची धुणीभांडी करते. घरात आजी आणि धाकटी बहीण. २०२२ च्या पावसाळ्यात मुलाचा डावा गुडघा दुखू लागला. दिवसा फारसे काही नसे. शाळेत जायचा, सुट्टीत कबड्डी खेळायचा. रात्री बारा-एकच्या सुमारास मात्र उठून बसायचा आणि गुडघा दोन्ही हातांनी आवळून धरायचा. ठणका असा की अंथरुणात पडवत नसे. आईने स्वतःच्या कंबरेसाठी आणलेली दुखण्यावरची गोळी त्याला अर्धी करून दिली. अर्ध्या-पाऊण तासात मुलगा गाढ झोपला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, पुन्हा अर्धी गोळी, पुन्हा झोप.

जवळच्या डॉक्टरांनी सांगितले, वाढीचे वय आहे, हाडे वाढताना दुखतात. दोन महिन्यांनी गुडघ्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. शाळेतील बाई म्हणाल्या, खेळताना याचा पाय दुखत नाही, गृहपाठाच्या वेळीच बरा दुखतो. आजीने दृष्ट काढली. कोणी तरी मालिशवाल्याचा पत्ता दिला, तिकडेही चार रविवार गेले आणि दुखणे वाढले. आपल्या घरांतून गंडे-दोरे गेले असे आपण व्यासपीठावरून सांगतो. पोर रात्रभर रडू लागले की ते कोणत्या वाटेने परत येतात हे आम्ही पाहिले आहे, म्हणून त्या आजीवर आम्ही रागावलो नाही. एके रात्री, कामावर निघायच्या तासभर आधी, वडिलांनी मुलाच्या मुस्काटात दिली. हे त्यांनी स्वतःच आम्हाला सांगितले आणि लेखात लिहा असेही सांगितले.

आम्हाला हा प्रकार कळला तो शिष्यवृत्तीच्या अर्जामुळे. मुलाची आई अर्ज भरून घेण्यासाठी आमच्याकडे आली होती. फोटो चिकटवता चिकटवता म्हणाली, "भाऊ, पोराच्या पायाचे कागद एकदा बघता का? मला काय कळत नाही." आम्ही डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेले कारकून आहोत. कागद तारीखवार लावणे एवढेच आम्हाला येते, ते आम्ही केले. ऑगस्ट, नोव्हेंबर, जानेवारी असे तीन फोटो निघाले. तिन्ही डाव्या गुडघ्याचे, आणि तिन्हींवर दोष नसल्याचा शेरा. हिशेब जुळत नसला की आम्ही कार्यालयात एकाच पानाची बेरीज पुन्हा पुन्हा करत बसत नाही, शेजारचे खाते उघडतो. येथे सहा महिने एकच पान तपासले गेले होते.

फाईल बांधून आम्ही त्यांच्याबरोबर एका रुग्णालयाच्या हाडांच्या विभागात गेलो. तेथे एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी मुलाला टेबलावर उताणे झोपवले, पाय गुडघ्यात दुमडला आणि मांडी आत-बाहेर फिरवून पाहिली. मुलगा कळवळला, पण हात त्याने गुडघ्यावरच ठेवला. मग त्यांनी टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजला. डावी मांडी दोन सेंटिमीटरने बारीक निघाली. आईच्या हे लक्षात आले नव्हते, कसे येणार? मुलगा मोठा झाला, अंघोळ स्वतः करतो. डॉक्टर बाई म्हणाल्या, खुब्यातले दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, कारण दोन्हीकडे जाणाऱ्या नसा एकच आहेत. मूळ वर असते आणि मूल बोट खाली ठेवते. नंतर त्यांनी विचारले, "रात्री गोळी दिल्यावर काय होतं?"

आई म्हणाली, "गोळी दिली की झोपतो."

हे वाक्य तिने त्यापूर्वी प्रत्येक डॉक्टरांना, शाळेतील बाईंना आणि नवऱ्यालाही सांगितले होते. प्रत्येकाने त्याचा अर्थ असा घेतला की साध्या गोळीने थांबते म्हणजे दुखणे किरकोळ आहे, किंवा ते नाटक आहे. या डॉक्टर बाईंनी मात्र तेच वाक्य केसपेपरवर लिहून त्याखाली रेघ ओढली. रात्री उठवणारा ठणका आणि गोळीने हुकमी मिळणारा आराम या दोन गोष्टी एकत्र आल्या की हाडांच्या डॉक्टरांना एका विशिष्ट गाठीची आठवण व्हावी असे त्यांच्या पुस्तकांतच लिहिलेले आहे. चौथा फोटो खुब्याचा निघाला, त्यातही फारसे दिसले नाही. सीटी स्कॅनमध्ये मात्र मांडीच्या हाडाच्या मानेत, म्हणजे खुब्याच्या गोळ्याच्या जरा खाली, वाटाण्याहून लहान असा एक गोल ठिपका स्पष्ट दिसला.

या गाठीचे नाव ऑस्टिऑइड ऑस्टिओमा. नाव जिभेवर बसायला वेळ लागतो, पण कागदावर दिसले तर वाचकांनी दचकू नये म्हणून देत आहोत. न्यूयॉर्कचे डॉक्टर हेन्री जॅफे यांनी १९३५ साली हे दुखणे वेगळे ओळखून त्याचे वर्णन केले. त्याआधी असे रुग्ण हाडात पू झाला आहे असे समजून तपासले जात. आपल्याकडे आजही हाडाचा क्षय समजून घोटाळा होऊ शकतो. ही गाठ प्रामुख्याने पाच ते पंचवीस या वयात होते, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये दोन-तीनपट अधिक आढळते. निम्म्याहून अधिक वेळा ती मांडीच्या किंवा नडगीच्या हाडात असते. कण्यात झाली तर पाठ एका बाजूला वाकते आणि मूल तिरके चालू लागते. ती कर्करोग नाही, कर्करोगात तिचे रूपांतर होत नाही आणि ती शरीरात पसरत नाही. गाठीचा गाभा साधारणतः दीड सेंटिमीटरच्या आतच राहतो. या गाभ्याला डॉक्टर नायडस म्हणतात. तो लॅटिन शब्द आहे, अर्थ घरटे.

एवढ्याशा घरट्याने माणूस रात्रभर का जागावा? त्याचे उत्तर त्या गोळीतच आहे. या गाभ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन फार मोठ्या प्रमाणात तयार होते. आजूबाजूच्या निरोगी हाडाच्या मानाने ते शेकडो पटींनी अधिक भरते. या रसायनाने सूज येते, रक्तवाहिन्या फुगतात आणि गाभ्यात शिरलेल्या बारीक मज्जातंतूंना टोचणी लागते. अॅस्पिरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या नेमके हेच रसायन तयार होऊ देत नाहीत. हे इंग्लंडमधील जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच प्रकारच्या संशोधनासाठी. म्हणजे ज्या गोळीमुळे मुलगा खोटा ठरत होता, तीच त्याच्या खरेपणाची साक्ष देत होती.

येथे वाचक माता-भगिनींना एक कळकळीची सूचना. गोळीने थांबते म्हणून घरीच निदान करू नये, आणि गोळ्यांवर महिनेच्या महिने काढू नयेत. या गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्याने जठरात जखम होते, दीर्घकाळ घेतल्याने मूत्रपिंडावर परिणाम होतो. अॅस्पिरिन तर सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज मुळीच देऊ नये, तापात दिल्यास यकृत आणि मेंदूवर घातक परिणाम झाल्याची उदाहरणे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हाडाचा खरा कर्करोगही याच वयात, पुष्कळदा गुडघ्याच्या आसपासच होतो आणि तोही रात्री दुखतो. त्याची सूज वाढत जाते. दोहोंतला फरक मालिशवाल्याच्या अंगठ्याला कळत नाही. दुखणाऱ्या हाडावर जोराने तेल चोळणे, ओढणे, पाय देणे हे निदान होईपर्यंत तरी पूर्ण बंद ठेवावे.

मग वाढीचे दुखणे खोटे काय? तसे नाही. तेही असते आणि पुष्कळ मुलांना असते. पण त्याची तऱ्हा वेगळी. साधारण तीन ते बाराच्या वयात, संध्याकाळी किंवा रात्री, बहुधा दोन्ही पाय दुखतात. आज पोटरी तर उद्या मांडी. चेपले की बरे वाटते, मधले कित्येक दिवस काही नसते, सकाळी मूल उड्या मारते आणि लंगडत नाही. याउलट एकाच बाजूचे, एकाच जागी, आठवड्यामागून आठवडे टिकणारे आणि झोपेतून उठवणारे दुखणे असेल, मूल लंगडत असेल, किंवा एक पाय बारीक दिसत असेल, तर फोटो काढलाच पाहिजे. गुडघ्याची तक्रार असली आणि गुडघ्यात काही सापडले नाही तर खुबाही तपासा असे डॉक्टरांना आपण नम्रपणे म्हणावे. साधा फोटो स्वच्छ आला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. खुब्याच्या सांध्यात ही गाठ असली तर भोवतालचे हाड फारसे जाड होत नाही आणि फोटोत काहीच दिसत नाही. बारीक कापांच्या सीटी स्कॅनमध्ये ती सापडते. एम.आर.आय. महाग, पण या गाठीच्या बाबतीत कधी कधी चकवणारा, कारण त्यात भोवतालची सूजच एवढी दिसते की मधले घरटे लपून जाते. महागडी तपासणी म्हणजे चांगली तपासणी ही आपली समजूत येथे चालत नाही.

मुलांच्या हाडांत इतरही साध्या गाठी होतात. गुडघ्याजवळ हाडाला कोंबासारखे टेंगूळ येते, ते बहुधा दुखत नाही. कधी दंडाच्या हाडात पाण्याची पोकळी होते आणि किरकोळ पडण्याने हात मोडतो तेव्हा कळते. त्यांच्याविषयी पुन्हा कधी तरी.

आता चिठ्ठीकडे येतो. डॉक्टर बाईंनी सीटी पाहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी दिली. ही साधी गाठ वाटते, कर्करोग वाटत नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. आम्ही तेथे हजर होतो, आम्ही ऐकले. पण आईवडिलांनी फक्त टाटा एवढेच ऐकले. घरी गेल्यावर चिठ्ठी डब्यामागे गेली. आजीला सांगायचे नाही, शेजारी सांगायचे नाही, आम्ही विचारले तर पुढच्या आठवड्यात जातो म्हणायचे. एकविसाव्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी जाऊन बसलो. वडील शेवटी बोलले, "साहेब, तिथं गेलो आणि खरंच निघालं तर? इथं निदान पोरगं सकाळी हसतं तरी." या बोलण्यावर आमच्याकडे भाषण नव्हते. आम्ही एवढेच म्हणालो की चिठ्ठी डब्यामागे राहिली म्हणून गाठ डब्यामागे राहत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही रजा टाकली.

टाटाविषयी थोडे सांगितले पाहिजे. हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९५७ साली ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. म्हणजे नाव टाटांचे असले तरी ते सरकारी अनुदानावर चालणारे रुग्णालय आहे. आपल्या खारघरला जी मोठी संशोधन संस्था आणि रुग्णालय आहे तेही त्याच टाटा स्मारक केंद्राचा भाग. परळच्या रुग्णालयात हाडांच्या गाठींसाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि साध्या गाठीचे रुग्णही तेथे पाठवले जातात. याचे कारण असे की हाडाच्या गाठी मुळातच विरळ. बाहेरच्या डॉक्टरांना अशी गाठ क्वचितच पाहायला मिळते, तर तेथे त्या नेहमी पाहिल्या जातात. साधी की वाईट हे ठरवायला रोज पाहणारा डोळा लागतो. चिठ्ठीवरचे टाटा हे नाव म्हणजे निकाल नव्हे, निकाल कोठे लागेल त्या जागेचा पत्ता आहे.

तुर्भ्याहून वाशी, वाशीहून कुर्ला, कुर्ल्याहून परळ असे तीन गाड्यांतून गेलो. गर्दी होती, दिवस गेला, दुसरा दिवसही गेला. पण तेथील डॉक्टरांनी जुने सगळे फोटो उजेडावर धरून पाहिले आणि आईला समोर बसवून सांगितले की हा कर्करोग नाही. ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. वडील मुलासाठी वडापाव आणायला म्हणून गेले ते अर्ध्या तासाने डोळे पुसत परत आले.

उपचाराची पद्धत ऐकून मात्र आजी घाबरली. पूर्वी या गाठीसाठी हाड उघडून मोठा तुकडा काढावा लागे. कधी दुसरीकडचे हाड आणून बसवावे लागे, महिनोन् महिने पायावर भार देता येत नसे, आणि एवढे करूनही ते घरटे मागे राहून जाई. १९९२ साली बोस्टनच्या डॉक्टर रोझेन्थाल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी रीत प्रसिद्ध केली. तिला रेडिओफ्रीक्वेन्सी अॅब्लेशन म्हणतात. रुग्णाला भूल देऊन सीटीच्या यंत्रात झोपवतात, यंत्रात पाहत पाहत हाडाला बारीक छिद्र पाडतात आणि त्यातून सुईसारखी सळई थेट गाठीच्या गाभ्यात नेतात. सळईच्या टोकाला विद्युतलहरींनी साधारण नव्वद अंश सेल्सिअसपर्यंत उष्णता देतात, सुमारे सहा मिनिटे. घरटे जागच्या जागी जळते. कापाकापी नाही, टाके जवळजवळ नाहीत. टाटातील डॉक्टरांनीही या उपचाराचा आपला अनुभव २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला आहे. दहांतील सुमारे नऊ रुग्णांना एकाच वेळी गुण येतो, उरलेल्यांना कधी दुसऱ्यांदा करावे लागते. कण्याजवळ किंवा मोठ्या नसेला चिकटून गाठ असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. काही गाठी कित्येक वर्षांनी आपोआप विझतात हेही खरे आहे, पण तोवर रोज रात्री गोळ्या खाऊन थांबणे प्रत्येक मुलाला झेपत नाही.

आजीने आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "पोराला शॉक देणार का रे?" आम्ही म्हणालो, शॉक नाही, गाठीला डाग देणार. डाग देणे हा शब्द तिला ओळखीचा होता, गावाकडे बैलांना देत. तिचे समाधान झाले. डॉक्टरांना हे स्पष्टीकरण कितपत पटले असते कोण जाणे.

२०२३ च्या उन्हाळी सुट्टीत उपचार झाला. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतःच्या पायांनी लोकलमध्ये चढला. छिद्राची जागा दोन दिवस दुखली, ते दुखणे वेगळे आहे असे त्यानेच सांगितले. पहिल्या रात्री एक वाजता आई सवयीने उठून बसली होती. मुलगा उठला नाही. हाडाला छिद्र पडलेले असल्याने तीन महिने धावणे, उड्या आणि कबड्डी बंद ठेवायला सांगितले होते. ते त्याने निम्मे-शिम्मे पाळले. बारीक झालेली मांडी भरून यायला मात्र वर्ष गेले. त्यासाठी जिना चढण्या-उतरण्याचा व्यायाम दिला होता, आणि या कुटुंबाची खोली चौथ्या मजल्यावर असल्याने तो चुकवायची सोय नव्हती.

खर्चाचे बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे निम्मी दुखणी खर्चाच्या भीतीने घरात राहतात. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना आहे. तिची मर्यादा वार्षिक पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय शासनाने २०२३ साली घेतला. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. आपला उपचार यादीत आहे की नाही हे दाखल होण्यापूर्वी त्याच्याकडून विचारून घ्यावे, नंतर नव्हे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत ज्यांच्या पगारातून राज्य विमा कापला जातो, त्यांच्या मुलांनाही त्याचा हक्क आहे, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशाने ही योजना लागू झाली आहे. टाटासारख्या रुग्णालयात समाजसेवकांचा विभाग असतो, तेथे संकोच न करता जावे. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या चार-चार प्रती आधीच काढून ठेवाव्यात. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसील कार्यालयात वेळ लागतो, तो रुग्णालयातून फोन आल्यावर मिळत नाही.

या मुलाच्या वेळी जी फाईल आम्ही बांधली तिचा नमुना आमच्याकडे आहे. पहिल्या पानावर दुखणे केव्हा सुरू झाले, कोणत्या वेळी होते, कोणत्या गोळीने किती वेळात थांबते, हे मुलाच्या आईच्या शब्दांत लिहायचे, त्यानंतर तारीखवार कागद. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी रविवारी सकाळी वंदनेनंतर आम्हाला भेटावे. येताना मुलालाही आणावे आणि जुने सगळे फोटो आणावेत, स्वच्छ आले होते म्हणून फेकू नयेत. फोटोंची घडी घालू नये.